औषध लावूनही कुत्र्यावर गोचीड परत येतात: चूक कुठे होते आणि ती कशी सुधारायची

फाल्गुन निम्मा सरला की कुत्री पाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. मानेवर औषध लावून झाले, गोचीडनाशक साबणाने आंघोळ झाली, दिसले तेवढे गोचीड वेचून काढले. आठ-दहा दिवस बरे गेले आणि पुन्हा कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली तेच. मग औषध बदलते, दुकान बदलते, कधी डॉक्टरही बदलतात. गोचीड मात्र जात नाहीत, कारण कुत्र्यावर ते फक्त जेवायला येतात. त्यांचे बिऱ्हाड तुमच्या घरात असते.

शिमग्याला किंवा मे महिन्यात घरची मंडळी गावाला जातात आणि कुत्रे सांभाळणाऱ्याच्या हवाली होते, तेव्हा हा घोळ जास्तच वाढतो. औषधाची तारीख एकाच्या लक्षात, आंघोळ दुसऱ्याच्या हातात आणि घर बंद. म्हणून पुढचे सगळे मालकांसाठी आहे, तसेच त्यांच्या मागे प्राणी सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.

हा गोचीड कोणता

शहरातल्या कुत्र्यांवर सापडणारे बहुतेक गोचीड एकाच जातीचे असतात: तपकिरी, चपटे, शास्त्रीय नाव रिपिसेफॅलस सँग्विनियस. गाईगुरांवरचा नेहमीचा गोचीड वेगळा. या तपकिरी गोचिडाला गवत-झाडी लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो चार भिंतींच्या आत काढू शकतो. ‘आमचा कुत्रा खाली उतरतच नाही, चौथ्या मजल्यावर राहतो’ असे म्हणणाऱ्यांच्या घरीही तो सापडतो तो यामुळेच.

त्याचे वय आकारावरून कळते आणि ते कळणे उपयोगाचे असते. खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, सहा पायांची, ती नुकती अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले. त्याहून मोठा, आठ पायांचा, पण अजून तिळाएवढाही न झालेला तो मधल्या अवस्थेतला. तिळाएवढा, चपटा, गडद तपकिरी तो पूर्ण वाढलेला आणि उपाशी. एरंडाच्या बीसारखी फुगलेली, करडी-निळसर, एक सेंटिमीटरच्या आसपास लांब, ती रक्त पिऊन तट्ट झालेली मादी. ती दिसली की समजावे, दोन-चार दिवसांत ती खाली पडणार होती आणि अंडी घालायला जागा शोधणार होती.

अंगावर खसखशीसारखी पिल्ले दिसत असतील तर अंडी तुमच्याच घरात किंवा कुत्रा रोज बसतो अशा जागी फुटली आहेत. पिल्ले लांबून चालत येत नाहीत. एखाद-दुसरा मोठाच गोचीड, तोही फिरून आल्यावर सापडत असेल, तर तो बहुधा बाहेरून आला आहे. या दोन परिस्थितींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या परिस्थितीत घर साफ केल्याशिवाय सुटका नाही.

वसंतातच का

गोचिडाच्या वाढीचा वेग तापमानावर ठरतो. पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर इथल्या थंडीत अंडी उबायला आणि कात टाकायला वेळ लागतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत गोचीड गेल्यासारखे वाटतात. ते फटींत वाट पाहत असतात. फेब्रुवारीच्या अखेरीस उकाडा वाढला की थंडीत रेंगाळलेली अंडी, पिल्ले आणि मधल्या अवस्थेतले गोचीड थोड्याच दिवसांत एकदम पुढे सरकतात. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात थंडीचा हा खंड फारसा पडत नाही. तिथे गोचीड बाराही महिने असतात आणि उन्हाळ्यात आणखी वाढतात.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. थंडीत कुत्रा गॅलरीत उन्हात पडतो. उकडू लागले की तो जागा बदलतो: पलंगाखाली, मोरीच्या उंबऱ्याशी, माठाच्या तिवईखाली, कूलरच्या मागे. पोट भरलेले गोचीड कुत्रा जिथे पडून राहतो तिथेच गळतात. म्हणजे घरात अंडी घालण्याच्या जागाही ऋतूप्रमाणे बदलतात. गेल्या दिवाळीत जिथे फवारले तिथेच आता फवारून उपयोग होत नाही. दोन दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, तो दुपारी आणि रात्री कुठे कुठे आडवा होतो त्या जागा लिहून काढा. साफसफाई तिथून सुरू करायची.

गोचिडाचे वेळापत्रक

तट्ट फुगलेली मादी खाली पडते आणि भिंत चढू लागते. या जातीला वर चढण्याची खोड आहे, म्हणून अंडी फरशीच्या फटीत सापडतात तशीच दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, पडद्याच्या नळीच्या टोकाशी, भिंत आणि छत मिळतात त्या रेषेतही सापडतात. चार दिवस ते दोन आठवड्यांत ती अंडी घालू लागते. एक मादी दोन ते चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. उबदार हवेत साधारण तीन आठवड्यांत अंडी फुटतात. पिल्ले कुत्र्यावर चढतात, तीन ते सात दिवस रक्त पितात, गळून पडतात, फटीत जाऊन एक-दोन आठवड्यांत कात टाकतात. पुन्हा चढतात, पाच ते दहा दिवस पितात, पुन्हा गळतात, पुन्हा कात. तिसऱ्यांदा चढतात ते पूर्ण वाढलेले असतात. सगळे जुळून आले तर हा फेरा दोन-अडीच महिन्यांत पुरा होतो.

म्हणजे एकच पिढी तुमच्या कुत्र्यावर तीनदा चढते आणि तीनदा उतरते. कोणत्याही एका दिवशी कुत्र्यावर दिसणारे गोचीड म्हणजे एकूण गोचिडांचा अगदी लहान हिस्सा. आज अंगावरचे सगळे मारले तरी फटीतले, नुकती कात टाकलेले, दहा दिवसांनी जेवायला येणारच. ‘औषधाचा असर आठच दिवस टिकतो’ असे वाटते ते यामुळे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, उपचार निदान तीन महिने, शक्यतो चार, एकही दिवसाचा खंड न पडता चालला पाहिजे. दुसरी, घर बंद ठेवून गोचीड उपाशी मरत नाहीत. पूर्ण वाढलेला गोचीड वर्षभराहून जास्त काळ न खाता तग धरू शकतो, पिल्लेसुद्धा काही महिने काढतात. महिनाभराची सुट्टी त्यांच्यासाठी काहीच नाही. कुत्रा परत घरात पाऊल टाकतो तेव्हा सगळे भुकेले एकदम चढतात. याच्या उलट, अंगात किंवा अंगावर योग्य औषध असलेला कुत्रा घरात वावरत राहणे हाच घर रिकामे करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. जो चावेल तो मरेल आणि अंडी घालायला उरणार नाही. म्हणून ‘घर साफ होईपर्यंत कुत्र्याला दुसरीकडे ठेवू’ हा विचार फवारणीच्या दिवसापुरताच ठीक आहे.

औषध लागू पडत नाही असे म्हणण्याआधी

आधी पाहा, सापडलेले गोचीड जिवंत आहेत की मेलेले. चिमट्याने काढून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्यावर तोंडाने ऊब फुंका. जिवंत असेल तर पाय हलवतो. वाळलेले, पाय आकसलेले, चपटे गोचीड निघत असतील तर औषध काम करते आहे. गोळीच्या औषधांत तर गोचीड आधी चावावाच लागतो. चावल्यावर त्याला मरायला औषधाप्रमाणे बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात. रोज एक-दोन नवे, न फुगलेले दिसले तर घाबरायचे कारण नाही. फुगलेली जिवंत मादी दिसली तर मात्र कुठेतरी चुकते आहे.

मानेवर टाकायच्या थेंबांत, म्हणजे फिप्रोनिल वगैरेत, सर्वांत जास्त चूक आंघोळीची होते. हे औषध त्वचेवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरते. शाम्पूने तो थर गेला की पसरायला वाट उरत नाही. लावण्याआधी ४८ तास आणि लावल्यानंतर ४८ तास आंघोळ नको. ‘स्वच्छ करून मग औषध लावू’ म्हणून लोक आंघोळ घालतात आणि त्याच संध्याकाळी थेंब टाकतात, ते वाया जाते. दुसरी चूक, थेंब केसांवर पडतात. खांद्यांच्या मधोमध, जीभ पोहोचणार नाही अशा जागी केस दोन्ही अंगठ्यांनी बाजूला सारून कातडी दिसली पाहिजे आणि नळीचे टोक कातडीला टेकले पाहिजे. मोठ्या कुत्र्याला दोन-तीन ठिकाणी वाटून टाका, म्हणजे ओघळत नाही.

तिसरी चूक वजनाची. फिप्रोनिलच्या नळ्या साधारण २ ते १० किलोला ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४ मिली, २० ते ४० किलोला २.६८ मिली आणि ४० ते ६० किलोला ४.०२ मिली अशा येतात. सहा महिन्यांचे असताना घेतलेले लॅब्राडोरचे वजन वर्षाने चालत नाही. घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. एक मोठी नळी आणून दोन लहान कुत्र्यांत वाटणे हा खर्च वाचवण्याचा मार्ग म्हणून सांगितला जातो. अंदाजाने टाकलेले अर्धवट औषध गोचीड मारत नाही आणि पैसेही जातात.

होळी आणि रंगपंचमी या ऋतूतली खास अडचण. कुत्र्यावर रंग उडाला की दोन-दोन, तीन-तीन वेळा शाम्पू होतो आणि आठवडाभरापूर्वी लावलेले थेंब बरेचसे धुऊन जातात. ज्यांचा थेंबांचा दिवस या सणाच्या आगेमागे येतो त्यांनी डॉक्टरांना विचारून तो रंग धुऊन झाल्यावर तीन दिवसांनी ठेवावा किंवा या महिन्यापुरती गोळी द्यावी. रंग धुतला म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब टाकू नका. दोन मात्रांतले अंतर डॉक्टरांनीच ठरवावे.

गोळ्यांचे तसे नाही, आंघोळीने त्यांना काही होत नाही. अफॉक्सोलानर आणि सॅरोलानर महिन्याला एकदा, फ्लुरालानर बारा आठवड्यांनी एकदा. इथे गोंधळ होतो तो तारखेचा. महिन्याची गोळी ‘तीन महिन्यांची’ समजून दिली जाते. पाकीट फेकून दिलेले असते, गोळीचे नाव कुणाला आठवत नाही. फ्लुरालानर उपाशीपोटी दिली तर नीट शोषली जात नाही, जेवणाबरोबर किंवा जेवणाच्या वेळेलाच द्यायची. गोळी दिल्यावर तासाभरात उलटी झाली का हे पाहायला हवे. सांभाळणाऱ्याने गोळी पेढ्यात लपवून दिली आणि कुत्र्याने पेढा खाऊन गोळी सोफ्यामागे टाकली, असेही होते. ज्या कुत्र्याला कधी फीट आली आहे त्याच्या डॉक्टरांना ही गोष्ट गोळी देण्याआधी सांगितलीच पाहिजे. या गटातल्या औषधांनी फीट येऊ शकते.

औषधी पट्टा सैल घातला तर निव्वळ दागिना. पट्टा आणि मान यांत दोन बोटे जातील एवढीच जागा हवी, तो कातडीला लागला पाहिजे आणि चोवीस तास गळ्यात राहिला पाहिजे. रात्री काढून खुंटीला लावायचा नाही. पूर्ण परिणाम यायला काही दिवस लागतात, म्हणून गावाला निघण्याच्या दिवशी घातलेला पट्टा उशिरा घातलेला असतो.

अमित्राझचे द्रावण स्वस्त आहे, चांगलेही आहे, पण ते जपून वापरण्याचे औषध आहे. १२.५ टक्क्यांच्या बाटलीतले २ मिली एक लिटर पाण्यात घातले की ०.०२५ टक्के द्रावण होते. यात ‘थोडे जास्त घालू, लवकर मरतील’ हा विचार घातक. कुत्रा सुस्त पडतो, नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते. मधुमेही कुत्र्याला, लहान पिल्लाला आणि मांजराला ते चालत नाही. हातमोजे घालून स्पंजने लावायचे, डोळ्यांत जाऊ द्यायचे नाही, न पुसता पंख्याखाली वाळू द्यायचे आणि वाळेपर्यंत चाटू द्यायचे नाही. द्रावण त्या त्या वेळी ताजे करा, उरलेले ठेवून पुढच्या रविवारी वापरू नका. प्रमाण आणि किती दिवसांनी लावायचे हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अजूनही गोचिडांसाठी सर्रास मागितले जाते. कुत्र्यावरच्या गोचिडांसाठी त्याचा भरवसा धरू नये, आणि कोली जातीच्या व तिच्या संकरातल्या अनेक कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचून जीवावर बेतते.

तंबाखूचे पाणी, रॉकेल, फिनाईल, डांबराच्या गोळ्या यांतले काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नका. ही सगळी विषे कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातात. लसूण खाऊ घातल्याने गोचीड जात नाहीत, कुत्र्याच्या तांबड्या पेशी मात्र फुटतात. कडुनिंबाच्या तेलाने थोडे दूर राहतात एवढेच. जिथे अंडी घरात फुटली आहेत तिथे त्यावर विसंबू नये.

घर साफ करण्याचा क्रम

कुत्र्याला औषध दिले त्याच दिवशी घराचे काम सुरू करायचे. मागेपुढे झाले तर एकाचा फायदा दुसऱ्याला मिळत नाही.

१. कुत्र्याची गादी, चादर, सोफ्याची कव्हरे, पायपुसणी उकळत्या पाण्यात किंवा वॉशिंग मशीनच्या ६० अंशांच्या चक्रावर धुवा. गार पाण्याच्या धुण्यात गोचीड मरत नाहीत. नुसते उन्हात टाकणेही पुरत नाही, ही जात कोरडेपणा चांगला सोसते. फोमची गादी धुता येत नसेल आणि शिवणीत गोचीड दिसत असतील तर ती टाकून द्या. नवी घेताना जाड शिवणी नसलेली, धुता येणारी घ्या.

२. व्हॅक्यूम क्लीनरची चपटी तोटी घेऊन फरशी आणि भिंत मिळतात ती रेषा, दाराच्या चौकटी, सोफ्याच्या खालचे काळे कापड, पलंगाच्या पेटीचे कोपरे, पडद्यांच्या शिवणी, चपलांचे कपाट, स्विचबोर्डाच्या कडा यांवरून फिरवा. पिशवीतला कचरा लगेच प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून घराबाहेर. तो तसाच राहिला तर गोचीड तोटीतून परत बाहेर येतात.

३. फटी बुजवा. चौकट आणि भिंत यांतली फट पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने, मोरीच्या कडा सिलिकॉनने. हे काम फवारणीनंतर करा, आधी केले तर आतले आतच राहतात. जुन्या वाड्यांत आणि चाळीत लाकडी खांबांच्या भेगा फार असतात, तिथे हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

४. फवारणी डेल्टामेथ्रिनसारख्या, वाळल्यावरही परिणाम टिकणाऱ्या औषधाची, शक्यतो परवानाधारक माणसाकडून. त्याला ‘गोचिडांसाठी’ असे स्पष्ट सांगा. झुरळांच्या जेलचा इथे काही उपयोग नाही. फरशीच्या कडांपुरते फवारून तो निघाला तर अर्धे काम राहिले, चौकटींच्या वरच्या कडा आणि छताची रेषाही हवी. कुत्रा, मांजर, पक्षी आणि माणसे पूर्ण वाळेपर्यंत बाहेर. माशांची टाकी झाकून हवेचा पंप बंद ठेवा, हे औषध माशांना फार विषारी आहे.

५. फवारणीने बहुतेक अंडी मरत नाहीत. म्हणून चौदा-पंधरा दिवसांनी दुसरी आणि त्यानंतर तितक्याच दिवसांनी तिसरी फवारणी हवी. पहिल्या फवारणीनंतर शांत झाले म्हणून दुसरी रद्द करणे, या एका चुकीने बहुतेक घरांत पाळी पुन्हा पहिल्यावर येते.

काम किती झाले हे कळावे म्हणून कुत्र्याच्या गादीजवळच्या पलंगाच्या पायांना दोन्ही बाजूंनी चिकट पट्टी गुंडाळा. दर रविवारी तिच्यावर किती आणि कोणत्या आकाराचे अडकले ते मोजा. आकडा कमी होत गेला पाहिजे. सहाव्या-सातव्या आठवड्यात पुन्हा खसखशीसारखी पिल्ले दिसली तर कुठेतरी अंडी घालायची जागा सुटली आहे. तेव्हा औषध न बदलता ती जागा शोधा.

घर लख्ख आणि तरी येतच राहिले, तर जिना पाहा. वॉचमनची खुर्ची, मीटरबॉक्सची खोली, लिफ्टशेजारचा कोपरा, पार्किंगमधल्या गाड्यांखालची जागा, म्हणजे सोसायटीतली भटकी कुत्री जिथे झोपतात त्या सगळ्या जागा. त्यांना हुसकावल्याने प्रश्न सुटत नाही, त्यांच्या जागी दुसरी येतात. तिथल्या भिंतींच्या कडांना फवारणी आणि त्या कुत्र्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, एवढा खर्च सोसायटीने वाटून घेतला तर प्रत्येकाचा घरचा खर्च वाचतो. सवयीने अन्न घेणाऱ्या कुत्र्याला खाण्यातून गोळी देणे अवघड नसते.

घरात मांजर असेल तर

कुत्र्याच्या थेंबांपैकी ज्यांत परमेथ्रिन आहे ते मांजराला मारू शकतात. मांजराचे यकृत ते विष मोडू शकत नाही. अंग थरथरते, झटके येतात. मांजर औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपले किंवा त्याला चाटले तरी हे होऊ शकते. मांजर असलेल्या घरात कुत्र्यासाठी परमेथ्रिन नसलेलेच औषध घ्या. मांजराला मांजराचीच नळी लावा. ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्यापासून दूर ठेवा, सशांना ते चालत नाही.

गोचीड काढताना

बारीक टोकाचा चिमटा, स्पिरिटची लहान बाटली, हातमोजे. चिमट्याने गोचीड पोटाला न दाबता कातडीच्या अगदी लगत, तोंडाशी पकडा आणि सरळ, सावकाश, एकसारख्या जोराने ओढा. झटका नको. तेल, रॉकेल, जळती काडी लावू नका. त्रासलेला गोचीड पोटातले जखमेत ओकू शकतो आणि रोगाचे जंतू त्याबरोबर आत जातात. तोंडाचा तुकडा कातडीत राहिला तर उकरू नका, काही दिवसांत आपोआप बाहेर पडतो. काढलेला गोचीड स्पिरिटमध्ये टाका. नखाने चिरडू नका, त्याच्या पोटातले रक्त तुमच्या बोटावरच्या चिरेतून आत जाऊ शकते. संडासात टाकून पाणी सोडल्याने तो मरेलच असे नाही.

तपासणी रोज, पाच मिनिटे, बोटांनी. दाट केसांत डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला लागते. कानांच्या आतल्या घड्या, पापण्यांच्या कडा, पट्ट्याखालची मान, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या आणि पंज्यांखालच्या गाद्यांमधली जागा, शेपटीचे मूळ. पंज्यांमधले केस कात्रीने कमी करा, तपासणी सोपी होते. उन्हाळा म्हणून सगळे अंग वस्तऱ्याने भादरू नका. उघडी कातडी उन्हाने भाजते.

ताप आला तर

तपकिरी गोचीड एर्लिकिया, बेबेसिया, हेपॅटोझून यांसारखे जंतू पसरवतो. एर्लिकिया चावल्यानंतर काही तासांतच अंगात जाऊ शकतो, म्हणून ‘गोळी चालू आहे, गोचीडताप येणारच नाही’ असे धरून चालू नका. लक्षणे चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. म्हणजे मालक परत येण्याआधी गोचीड लागतो आणि ताप मालक आल्यावर चढतो, किंवा याच्या उलट होते. वाद नको म्हणून दोन्ही बाजूंनी तारखा लिहून ठेवाव्यात.

न जेवणे, ताप, मागे-मागे राहणे ही पहिली लक्षणे. हिरड्या फिक्या पडणे, पोटावर लाल-जांभळे ठिपके, नाकातून रक्त, कॉफीसारखी गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टर रक्ताची पूर्ण तपासणी आणि काचपट्टी (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) करायला सांगतील. प्लेटलेट निरोगी कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख असतात, गोचीडतापात त्या झपाट्याने उतरतात. काचपट्टीत जंतू दिसले नाहीत म्हणजे रोग नाहीच असे ठरत नाही. संशय टिकला तर पीसीआर, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, करून घ्यावी, विशेषतः बेबेसिया गिब्सोनाय या बेबेसियाच्या प्रकाराबाबत, कारण त्याचे औषध वेगळे असते.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन सहसा २८ दिवस दिले जाते. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रा जेवू लागतो आणि गोळी थांबते, मग महिन्या-दोन महिन्यांनी तोच ताप. पूर्ण २८ दिवस द्या, जेवणाबरोबर द्या आणि गोळीमागून थोडे पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. प्लेटलेट उतरलेल्या कुत्र्याला आयबुप्रोफेनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर दगावू शकते.

हा गोचीड माणसाला क्वचितच चावतो, पण चावतो. त्यानंतर काही दिवसांनी घरातल्या कुणाला ताप आणि अंगावर पुरळ आले तर ‘घरात कुत्रा आहे, गोचीड होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

कुत्र्याला कोकणात किंवा गोव्यात नेणार असाल तर एक वेगळी गोष्ट. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप, म्हणजे गोचिडांतून माणसांना होणारा विषाणूचा ताप, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गमध्ये पसरला होता. त्याचा गोचीड घरातला नसतो, रानातला असतो, आणि हंगाम हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाच्या तोंडापर्यंतचा, म्हणजे नेमका काजूचा आणि सुट्टीचा. या भागात कुत्र्याला काजूच्या बागेत, रानवाटेत मोकळे सोडू नका. त्याच्या केसांतून रानचे गोचीड अंगणात आणि अंथरुणात येतात. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

कुत्रा सोपवताना द्यायची चिठ्ठी

गावाला निघण्याच्या निदान दहा दिवस आधी औषध द्या, म्हणजे काही त्रास झाला तर तो तुमच्यासमोर होईल. मग एका कागदावर लिहा: औषधाचे नाव, त्यातला घटक, दिलेली तारीख, पुढची तारीख, त्या दिवशीचे वजन. शेवटची आंघोळ कधी झाली आणि पुढची केव्हा चालेल. पूर्वी गोचीडताप येऊन गेला असेल तर कधी, आणि शेवटच्या तपासणीतल्या प्लेटलेट किती होत्या. फीट येते का. घरात मांजर आहे का. डॉक्टरांचा फोन, आणि तुमच्याशी संपर्क झाला नाही तर किती खर्चापर्यंत उपचार करायची मोकळीक आहे तो आकडा. रिकामे पाकीट किंवा नळी फेकू नका, याच कागदाला टाचून द्या.

सांभाळणाऱ्याने कुत्रा ताब्यात घेताना मालकासमोरच वर सांगितलेली तपासणी करावी, सापडलेल्या गोचिडांची संख्या आणि आकार त्याच कागदावर लिहून दोघांनी पाहावे. एकाहून जास्त कुत्री ठेवत असाल तर नव्या कुत्र्याला औषध दिल्यावर पहिले दोन दिवस वेगळ्या खोलीत, फरशीवर, पांढऱ्या चादरीवर ठेवा. पांढऱ्यावर गळलेले गोचीड लगेच दिसतात. ती चादर रोज संध्याकाळी चारही टोके आत घेऊन गुंडाळायची आणि थेट उकळत्या पाण्यात टाकायची, झटकायची नाही.